व्हर्लीनच्या घरात कप नव्हते

रोज सकाळी मिस व्हर्लीन काचेच्या बरणीतून कॉफी प्यायच्या. रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची बरणी. कधीकाळी तिच्यात पीचचा मुरंबा असायचा. उकळती कॉफी ओतली की काच इतकी तापायची की हात लावायची सोय नसे. मग त्या बरणीभोवती एक जुनं फडकं गुंडाळायच्या, त्याला गाठ मारायच्या आणि खिडकीपाशी उभ्या राहून फुंकर घालत घालत ती संपवायच्या. नजर बाहेर रस्त्यावर, जणू तिथल्या कुणाशी तरी एक भांडण अर्धवट राहिलंय. बसायच्या नाहीत. बरणी विसळून पालथी घातली की त्यांचा दिवस सुरू.

देवयानीला आधी वाटलं, असते एकेका म्हातारीची तऱ्हा. कराडहून इंजिनिअरिंग करून ती एमएससाठी अमेरिकेत आली होती, आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत, विद्यापीठाच्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ, मिस व्हर्लीनच्या घरातली वरची खोली तिने भाड्याने घेतली होती. पहिल्याच सकाळी ती आपला कप घेऊन खाली आली. आईने बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून दिलेला, निळ्या फुलांचा कप. तो पाहून मिस व्हर्लीनचा चेहरा एकदम बंद झाला.

"तो वर ठेवायचा, बेबी."

"मी धुऊन ठेवत जाईन, मिस व्हर्लीन."

"धुण्याचा प्रश्न नाही. या स्वयंपाकघरात कप येत नाही. मांजर आण, कुत्रा आण, हवा तर नवरा आण. कप नाही."

त्या चर्चला गेल्यावर देवयानीने सगळी कपाटं उघडून पाहिली. ताटल्या होत्या, वाडगे होते, लोखंडी तवे होते, सरबताचे उंच ग्लास होते. कप मात्र औषधालाही नव्हता. तिने जर्सी सिटीतल्या मैत्रिणीला, अदितीला, फोन करून सांगितलं. अदिती म्हणाली, "काहीतरी रिलिजस असेल यार. आपल्याकडे नाही का कांदा चालत नाही!"

मिस व्हर्लीन ऐंशीला टेकल्या होत्या. उंच, हाडापेराने मजबूत. उभा जन्म त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली होती, त्यामुळे अजूनही खुर्चीतून उठताना डावा हात आपोआप हँडब्रेक शोधायचा. बोलणं मोजकं, पण धारदार. देवयानीच्या नावाचं त्यांनी 'डेवी' करून टाकलं होतं. रविवारी चर्चला जाताना जांभळी हॅट, तिच्यावर त्याच रंगाचं पीस. शेजारपाजारची माणसं त्यांना वचकून असत आणि बर्फ पडला की न सांगता त्यांच्या दारातला बर्फ काढून जात.

कपांचं कोडं सुटलं ते किराणा दुकानात. देवयानी त्यांच्याबरोबर गेली होती. मिस व्हर्लीन रताळी निवडत होत्या, हातात घेऊन प्रत्येकाचा वास घेत होत्या. दुकानात मंद आवाजात गाणी चालू होती. एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. आधी नुसता ऑर्गन, मग एक जाड, ओलसर, पुरुषी आवाज. ते गाणं देवयानीलाही माहीत होतं. कुणाला नाही? 'टू कप्स, व्हर्लीन'. कराडच्या हॉस्टेलवर ब्रेकअप झालेल्या प्रत्येक मुलीने ते ऐकलं होतं. सोडून गेलेल्या बायकोला नवरा सांगतो आहे: अजून मी सकाळी दोन कप काढतो, व्हर्लीन, आणि एक परत ठेवतो. तू दार ओढून गेलीस, पण मी कडी लावलेली नाही.

मिस व्हर्लीननी हातातलं रताळं खाली ठेवलं. भरलेली ढकलगाडी तिथेच सोडली आणि दुकानाबाहेर निघून गेल्या. देवयानी धावत मागे गेली. त्या गाडीत बसल्या होत्या, दोन्ही हात स्टीअरिंगवर. आणि तेव्हा कुठे देवयानीच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ती व्हर्लीन तुम्ही?"

"ती व्हर्लीन कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "मी ही आहे."

त्यानंतर गाणं कसं झालं ते त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. कधी शेंगा सोलताना, कधी कपड्यांच्या घड्या घालताना. एका दमात कधीच नाही. संताप आला की त्या थांबायच्या, आणि संताप दर वेळी यायचा.

तेव्हा तरुण व्हर्लीन नेवार्कला राहत होती. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. नवरा क्लेटन. दिवसा पावाची गाडी चालवायचा, रविवारी चर्चमध्ये गायचा. आवाज असा की पाद्रीसुद्धा आपलं प्रवचन आवरतं घ्यायचा. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्याला बोलावलं. शरद ऋतू होता. क्लेटनने सूटकेस भरली, "आठवड्याभरात येतो" म्हणाला आणि गेला. आठवडा गेला, मग आणखी एक. मग त्याचा एक मित्र दारात येऊन उभा राहिला, इस्त्री न्यायला. क्लेटनला शर्टांना लागते म्हणे. इस्त्री देताना व्हर्लीनला कळलं, की तो आता येत नाही.

हातांना मात्र ते कळेना. रोज सकाळी ती फळीवरून दोन कप काढायची. मग थांबायची. मग एक परत ठेवायची. कितीतरी दिवस. एकदा न राहवून तिने हे सासूला फोनवर सांगितलं. सासू भली बाई होती, तीही रडली. आणि मग आईने लेकाला सांगितलं. लाज वाटून तरी परत जाईल म्हणून.

लेकाने त्याचं गाणं केलं.

व्हर्लीनने ते पहिल्यांदा ऐकलं केशकर्तनालयात. डोक्यावर केस वाळवायचं भलंमोठं टोपलं घरघरत होतं, काही ऐकू येत नव्हतं. समोरच्या आरशात तिला दिसलं, की सगळ्या बायका काम थांबवून तिच्याकडे बघताहेत. तिने टोपलं वर उचललं. रेडिओवर तिचा नवरा तिला हाक मारत होता. तिच्या नावाने. तिचेच दोन कप हातात घेऊन. आणि सांगत होता, की व्हर्लीन त्याला टाकून गेली.

"मी केसांतून पाणी गळत असताना उभी राहिले आणि म्हणाले, अहो, तो गेलाय! इस्त्रीसुद्धा घेऊन गेलाय! तर मालकीण काय म्हणाली असेल? म्हणाली, 'मग गाणं?'"

मग गाणं? पुढे जन्मभर हाच प्रश्न. चर्चमधल्या बायका बाकावर सरकून जागा देईनात. जॉर्जियाहून आईचा फोन आला, "त्या पोराचं काय केलंस तू?" "आई, तो सोडून गेला." "मग गाणं?" माणूस खोटं बोलेल हे सगळ्यांना पटत होतं. इतकं रडवणारं गाणं खोटं बोलेल, हे पटायला कुणी तयार नव्हतं. तिने नेवार्क सोडलं, इकडे आली, बस चालवू लागली. आठवडा गेला नसेल, मागच्या बाकांवरून पोरांनी सूर धरला, "कडी लावलेली नाही, व्हर्लीन..." तिने ब्रेक मारून बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून एवढंच म्हणाली, "दार मी बंद करते आणि मीच उघडते. कळलं?" त्या दिवसापासून पोरं बसमध्ये गायली नाहीत. घरी जाऊन गायली असतील.

"आणि कप?" देवयानीने विचारलं.

"वर्तमानपत्रात गुंडाळून चर्चच्या दानपेटीत टाकले."

"फोडले नाहीत?"

"फोडण्यात मजा असते, बेबी. मला मजा करायची नव्हती."

गाणं म्हातारं होईना. दर काही वर्षांनी कुणीतरी नव्या आवाजात गायचं. चाल थोडी बदलायची, नाव तेच राहायचं. कॉफीच्या एका जाहिरातीत पांढऱ्या केसांचा म्हातारा दोन कप काढायचा आणि खिडकीतून सूर्य यायचा. क्लेटनने त्यानंतर तीन लग्नं केली. तो वारला तेव्हा लोकांनी त्याच्या दारात फुलं ठेवली, आणि कॉफीचे दोन दोन कप. टीव्हीवर एक मुलगी रडत म्हणाली, "ती त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही."

"तुम्ही कधी कुणाला खरं सांगितलं नाहीत, मिस व्हर्लीन?"

त्यांनी हातातली घडी मोडून मांडीवर टाकली. "सगळ्यांना सांगितलं. सांगितलं नाही असं कोण म्हणतं? ऐकलं नाही. रेडिओवाला एकजण घरी येऊन दुपारभर ऐकून गेला. मग कार्यक्रमात काय? 'त्यांना आजही त्या दिवसाबद्दल बोलणं जड जातं.' जड जातं! माझा घसा बसला होता बोलून!"

इकडे देवयानी शनिवारी महाराष्ट्र मंडळात मदतीला जायची. खुर्च्या मांडायच्या, माइक तपासायचे आणि घरी निघताना डबाभर आमटी न्यायची. मंडळाचा जीव की प्राण म्हणजे गिरीश काकांचा कार्यक्रम, 'गाण्यामागची गोष्ट'. काका निवृत्त इंजिनिअर, आवाज खर्जातला, स्मरणशक्ती दांडगी. दोन गाण्यांमधलं त्यांचं निवेदन ऐकायला लोक शिकागोजवळच्या शॉमबर्गहून विमानाने येतात, असं ते स्वतःच सांगत. मराठी माणसाला नुसतं गाणं पुरत नाही. ते कुठल्या पावसात, कुठल्या रिक्षात, कुणाच्या आठवणीत सुचलं, हे कळल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. गिरीश काका ते पोट भरत. गोष्ट मिळाली नाही तर ती पदरची घालत, आणि पदर मोठा होता.

त्या वर्षीचा विषय होता देशोदेशीची विरहगीतं. यादीत 'टू कप्स, व्हर्लीन' होतंच. सराव चालू असताना देवयानी बोलून गेली, "मी त्यांच्याकडेच राहते."

काकांच्या हातातलं पेन खाली पडलं. "ती व्हर्लीन? जिवंत आहे? अगं, मग प्रमुख पाहुण्या त्याच!"

देवयानीने घरी येऊन भीतभीत विचारलं. मिस व्हर्लीन खिडकीपाशी गेल्या.

"ते लोक गाण्यामागची गोष्ट सांगतात म्हणतेस?"

"तेच सांगतात."

"तुझ्या भाषेत?"

"हो."

"तुझ्या भाषेत मला अजून कुणी दोष दिलेला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एका हॉलमध्ये तरी नीट सांगितली जाऊ दे. एका. माझी हॅट काढून ठेव वरून."

देवयानीने त्याच दिवशी गिरीश काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. इस्त्री, सासू, केशकर्तनालय.

"मला सांगतेस? त्या गाण्यावर मी हॉस्टेलमध्ये अख्खं वर्ष काढलंय!"

"पण काका, गेला तो होता. त्या नव्हे."

"हो हो, कळलं गं. घेतो मी ते सगळं बरोबर. तू त्यांना फक्त वेळेवर आण."

फेब्रुवारीतला रविवार. हायस्कूलचा हॉल, बाहेर बर्फाचे ढीग, आत बटाटेवड्यांचा वास. मिस व्हर्लीन पहिल्या रांगेत बसल्या, जांभळ्या हॅटसकट. अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. त्यांनी सगळं गंभीरपणे करून घेतलं. तीन-चार गाणी झाली. मग दिवे मंद झाले आणि गिरीश काका पुढे आले. देवयानी मिस व्हर्लीनच्या कानाशी वाकली, वाक्यावाक्याचं इंग्रजी करत.

"नेवार्क," काकांचा खर्ज घुमला. "एक साधं घर. एक पावाची गाडी चालवणारा तरुण. आणि त्याची लाडकी व्हर्लीन."

देवयानीने सांगितलं. मिस व्हर्लीननी मान हलवली. इथवर ठीक होतं.

"आणि एका धुक्याच्या सकाळी त्याला जाग आली, तर शेजारची उशी रिकामी! व्हर्लीन गेली होती. का गेली? कोण सांगणार? स्त्रीच्या मनाचा ठाव कुणाला लागला आहे?"

देवयानीने इंग्रजी करणं थांबवलं.

"थांबलीस का?"

"मिस व्हर्लीन..."

"थांबू नकोस."

"ते म्हणतात, तुम्ही निघून गेलात."

"पुढे."

"का गेलात, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि त्याने जन्मभर तुमची वाट पाहिली."

"तीन बायकांसोबत," मिस व्हर्लीन म्हणाल्या. हळू नाही. आजूबाजूच्या माना वळल्या.

काकांना स्टेजवर काही ऐकू गेलं नाही. ते पाहुण्यांना सन्मानाने वर बोलावत होते. त्यांच्या पत्नीने, शैलजा काकूंनी, मिस व्हर्लीनच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. मग काकांनी स्वतः एक खोकं उघडलं आणि आतली भेट उंच धरून हॉलला दाखवली. पांढरे शुभ्र, सोनेरी काठाचे दोन कप. टाळ्यांचा कडकडाट झाला. देवयानीला वाटलं, जमीन दुभंगावी.

मिस व्हर्लीन माइककडे गेल्या. बसमध्ये मागे वळून बोलत असतील त्याच आवाजात, इंग्रजीत, बोलल्या. हॉलमधल्या प्रत्येकाला इंग्रजी येत होतं.

"मी गेले नव्हते. तो गेला. कप मी काढत होते. त्याने ते आपल्या आईकडून ऐकलं आणि गाण्यात घातलं. घाल बाबा, पण माझंच नाव घेऊन मलाच माझ्या घरातून बाहेर का काढलंस? एवढंच. धन्यवाद."

हॉलमध्ये शांतता पसरली. ती तशीच राहिली असती तरी पुष्कळ होतं. पण निवेदकाला शांतता सोसत नाही. गिरीश काकांनी हसून माइक घेतला आणि म्हणाले, "शेवटी काय आहे मंडळी, टाळी एका हाताने वाजत नाही!"

हशा पिकला. लोकांनी टाळ्या दिल्या, दोन्ही हातांनी. परीक्षित, जर्सी सिटीहून सरावाला येणारा गायक, गोंधळून काकांकडे बघत होता. काकांनी खूण केली आणि त्याने सूर लावला. दुसऱ्या कडव्याला सगळा हॉल गात होता. बायका, पुरुष, कॉलेजची पोरं, सगळे प्रेमाने, डोळे मिटून, त्यांचं नाव घेत होते.

"काय म्हणाला तो? हसले कशाला?" मिस व्हर्लीननी खाली येऊन विचारलं.

देवयानीला खोटं बोलता आलं असतं. तिने म्हण जशीच्या तशी सांगितली.

मिस व्हर्लीननी आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या हातात नारळ होता. "एका हाताने मुस्काटात वाजते," त्या म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या. कपांचं खोकं खुर्चीवरच राहिलं.

बाहेर पार्किंगमध्ये देवयानी रागाने रडत होती. मिस व्हर्लीन नारळ उलटसुलट करून बघत होत्या.

"हे कशासाठी असतं?"

"फोडायला."

त्यांनी फुटपाथच्या काठाचा अंदाज घेतला, हात वर नेला आणि नारळ असा आपटला की पहिल्याच घावात दोन शकलं. पाणी बर्फात सांडलं.

"हं," त्या म्हणाल्या. "हे बरंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. गिरीश काका आणि शैलजा काकू. काकांच्या हातात ते खोकं. "काल विसरलात," ते नम्रपणे म्हणाले.

देवयानी जागची हलली नाही. पण मिस व्हर्लीननी त्यांना आत घेतलं, टेबलाशी बसवलं आणि दोन बरण्यांत कॉफी ओतून समोर ठेवली. काकांनी सवयीने हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"फडकं गुंडाळा," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "मला रोज लागतं."

देवयानी आजवर कुठल्याच काकांना उलटून बोलली नव्हती. आता शब्द आपोआप आले. "काका, तुम्ही म्हणाला होतात, बरोबर घेतो. तुम्हाला सगळं माहीत होतं. त्या फक्त त्यासाठी आल्या होत्या. आणि तुम्ही त्यांनाच टाळी शिकवलीत?"

काका बरणीकडे बघत राहिले. "अगं, घेणार होतो. शपथेवर सांगतो. पण स्टेजवर उभा राहिलो, ऑर्गन सुरू झाला आणि तोंडातून तेच आलं. इतकी वर्षं तेच सांगत आलोय. हॉस्टेलमध्ये त्या माणसासाठी रडलोय मी, देवयानी. आता काय करू? ते रडणं परत घेऊ?"

"म्हणजे तुमचं रडणं वाया जाऊ नये म्हणून त्यांनी घर सोडून गेलेलं असायचं?"

काका बरणीभोवती फडकं गुंडाळू लागले. शैलजा काकू मात्र इतका वेळ स्वयंपाकघर न्याहाळत होत्या. फळ्या, पालथी घातलेली बरणी, खिडकी. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, एक विचारू? लग्न झाल्यापासून तुम्ही सकाळी कधी कप काढलेत?"

"आता त्याचा इथे काय संबंध?"

"आपले कप कुठल्या कपाटात असतात? डाव्या की उजव्या?"

काकांनी जरा विचार केला. "डाव्या."

"डाव्यात डाळी आहेत."

देवयानीला अशा प्रसंगीही हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत. "अहो, आजचं सोडा, त्या काळातला नवरा! भल्या सकाळी उठून फळीवरून कप काढतोय, वर आठवणीने एक परत ठेवतोय? मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हाच मला खटकलं होतं. पण म्हटलं, अमेरिकन आहे, काढत असेल."

"काय म्हणतात त्या?" मिस व्हर्लीननी विचारलं.

देवयानीने शब्दन् शब्द सांगितला, डाळींसकट.

मिस व्हर्लीननी खुर्ची ओढली आणि हातातल्या बरणीसह खाली बसल्या. कॉफी पिताना त्या बसलेल्या देवयानीने कधी पाहिल्या नव्हत्या. "क्लेटनला माझ्या घरात चमचा कुठे असतो ते माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "पन्नासहून जास्त वर्षं! अख्ख्या देशाने ते गाणं पाठ केलं. मोठमोठे लोक त्यावर बोलले. एकालाही हे सुचू नये? स्वयंपाकघर काय यांनी कधी पाहिलंच नव्हतं?" त्यांनी टेबलावर थाप मारली, कॉफी हिंदकळली. शैलजा काकूंनी आपल्या रुमालाने ती पुसून घेतली, स्वतःच्या घरात पुसावी तशी, आणि मिस व्हर्लीनच्या मनगटावर हात ठेवला. त्या दोघींमध्ये पुढे जे बोलणं झालं, त्याला देवयानीची गरज पडली नाही.

सोनेरी काठाचे कप घरातच राहिले. एकात भांडी घासायची घासणी, दुसऱ्यात लसूण. शैलजा काकू अधूनमधून येऊ लागल्या, येताना थालीपीठ आणत. राग काही गेला नाही. कॉफीची जाहिरात लागली की मिस व्हर्लीन अजूनही टीव्हीवर सपाता फेकत. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा त्या जिन्याकडे बघत करवादल्या, "वरून खाली चहा आणताना सगळ्या पायऱ्यांवर सांडतेस. आण तो तुझा कप खाली." निळ्या फुलांचा कप सिंकशेजारी आला.

ऑगस्टमध्ये, एका दुपारी, देवयानी लॅबमध्ये असताना मिस व्हर्लीन गेल्या. शेंगा सोलायला घेतल्या होत्या, परात मांडीवर होती. एका वर्तमानपत्राने दोन ओळी छापल्या: विख्यात गायकाला सोडून गेलेली व्हर्लीन कालवश. देवयानीने फोन केला, पुन्हा केला, ईमेल पाठवली. "आम्ही बघतो," असं उत्तर आलं. कुणी बघितलं नाही. ती ओळ अजून तशीच आहे आणि आता तिच्यावरून दुसरे लिहितात.

दिवाळीच्या कार्यक्रमात या एका गाण्याचं निवेदन शैलजा काकूंनी केलं. आवाजात खर्ज नव्हता. त्यांनी धुक्याची सकाळ आणली नाही. पावाची गाडी, सूटकेस, इस्त्री, सासू, कप. जसं घडलं त्या क्रमाने. टाळी कुणी वाजवली नाही. वडे तळणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. परीक्षितने गाणं गायलं नाही. नुसती चाल पेटीवर वाजवली, आणि हॉलमध्ये कुणीही शब्द म्हटले नाहीत.

कार्यक्रमानंतर गिरीश काका खुर्च्या आवरायला आले. डोळे पुसले असावेत. "बरोबर सांगितलं हिने," ते म्हणाले. मग एका खुर्चीच्या पाठीला धरून जरासे घुटमळले. "फक्त शेवट हवा होता गं. शेवटचं काहीतरी बोलल्या असतील ना त्या? गाण्याबद्दल, त्याच्याबद्दल? माफ केलं, नाही केलं... असं काही? पुढच्या वेळी घेता येईल."

देवयानीने त्यांच्याकडे पाहिलं. काहीही सांगता आलं असतं. त्यांनी ते खर्जात म्हटलं असतं, हॉल रडला असता आणि तेच खरं झालं असतं.

"बोलल्या ना," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी बसला निघाले होते. म्हणाल्या, डेवी, कप विसळून जा गं, डाग पडतो."